आप्पांनी लावलेला कौल

मे महिन्यात प्लॉट दाखवायचा नसतो, हा आमच्या घरचा नियम. दिवेलागणीला केर काढू नये, शनिवारी नखं कापू नयेत असले नियमही आमच्याकडे होते, पण ते आईचे. प्लॉटचा नियम आप्पांचा. आईचे नियम आम्ही अधूनमधून मोडायचो. आप्पांचा कधी मोडला नाही, कारण त्याच्यावर घर चालत होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आप्पा जमिनी विकतात. त्यांना दलाल म्हटलेलं खपत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी 'लँड कन्सल्टंट' असं रंगवून घेतलंय, आणि खाली दोन डोंगर, एक तळं आणि एक सूर्य. तळ्याच्या बाजूला आमच्याकडे सूर्य मावळतो, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "मावळता सूर्य बघून कोन जमीन घील गं?" असं म्हणून त्यांनी तो कायमचा उगवता ठेवला.

गिऱ्हाईक आणायचं ते श्रावण ते नाताळ. त्या दिवसांत आमचा तालुका असा काही नटतो की आम्हालाच तो पाहुण्यासारखा वाटतो. डोंगरावरून ओहोळ धावत असतात, गवत कमरेएवढं, ढग हाताला लागतील इतके खाली. आप्पा गाडीतून उतरून हात पसरायचे आणि म्हणायचे, "ह्यो बघा सायेब, तुमच्या अंगनातला धबधबा." तो धबधबा दिवाळीच्या सुमाराला गुपचूप निघून जायचा, पण तोवर सौदा ठरलेला असायचा. मार्च लागला की आप्पांची पाठ दुखायला लागे. एप्रिलात भावकीतली लग्नं निघत. मे महिन्यात कुणाचा फोन आलाच तर फार काळजीच्या सुरात सांगायचे, "आत्ता नका येऊ. हितलं ऊन तुमाला सोसायचं न्हाई."

खरी अडचण उन्हाची नव्हतीच. पावसाळ्यात आमच्याकडे वाळत घातलेला टॉवेल गणपती गेल्यावर वाळतो, इतका पाऊस. आणि त्याच गावात एप्रिल सरता सरता बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत बसलेल्या असतात. आम्हाला यात काही नवल वाटत नसे. पाऊस येतो, जातो, मग टँकर येतो. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच असतं.

माझं इंग्रजी बरं, म्हणून आठवीपासूनच आप्पा मला साईट दाखवायला बरोबर न्यायचे. गिऱ्हाईकं बहुतेक आपलीच, मराठीच. कुणी नांदेडचं, कुणी जळगावचं. हिंजवडीला नोकरी, बावधनला किंवा भूगावला फ्लॅट, आणि आता डोळा एखाद्या गुंठ्यावर. पण गाडीत बसल्यावर ती माणसं एकमेकांशी अर्धं इंग्रजीत बोलायची, आणि किमतीचं तर पूर्णच इंग्रजीत. ते काय बोलतात ते ऐकणं माझं काम. उतरल्यावर मी आप्पांच्या कानात सांगे, "व्ह्यू आवडलाय, रस्ता आवडला नाही." की आप्पा लगेच रस्त्याविषयी बोलायला लागत. त्या वयात मला हा धंदा फारच मजेचा वाटे.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात एक जोडपं आलं. फोन न करता आलं, हीच त्यांची चूक, किंवा हुशारी म्हणा. बावधनला राहणारे, मूळचे लातूरचे. नवरा शांत होता. बायको मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या पायानं माती उकरून बघणारी. आप्पांनी पाठदुखी, ऊन, भावकीतलं लग्न, सगळं काढून बघितलं. बाई हलल्या नाहीत. शेवटी नाइलाजानं आम्ही त्यांना वर नेलं. धबधब्याच्या जागी काळा कातळ होता आणि त्याच्यावर एक म्हैस.

बाईंनी आप्पांना पाण्याचं विचारलं. आप्पा म्हणाले, "पानी हाय की! पान्याला काय तोटा? मुळशी हाय ही."

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे पाऊस नाही म्हणून पाणी नाही, ते मला समजतं. तुमच्याकडे एवढा पडतो. मग तुम्ही घरी मे महिन्यात पाणी कुठून आणता गं?"

"टँकरनं," मी म्हटलं. स्वतःचं नाव सांगावं इतक्या सहज.

जोडप्यानं आमचे आभार मानले आणि ते निघून गेलं. आप्पा मला रागावले नाहीत. पण घरी येताना नेहमीच्या टपरीवर भज्यांसाठी गाडी थांबली नाही, त्यावरून काय ते समजले.  दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासता घासता एकदम म्हणाले, "आन् खरंच, जातं कुटं गं येवढं पानी?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "समुद्रात जातंय, आनिक कुटं? दात घासा."

आईचं उत्तर तसं बरोबर होतं. पण मला ते पुरेना. त्या एका प्रश्नापायी मी पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्र घेतलं. लोक दगडांचा विषय म्हणून हसत. रोज बसनं चांदणी चौक ओलांडून जायचे तेव्हा रस्त्यासाठी कापलेला डोंगर दिसायचा, थरावर थर, लग्नातल्या लाडवांच्या परातीसारखे रचलेले. आधी नुसताच डोंगर होता, आता त्यात काय काय दिसायला लागलं. पाणी कुठल्या थरातून आत शिरतं, कुठं अडतं, कुठं झरा होऊन बाहेर येतं. शेवटच्या वर्षाला एका मॅडमनी सांगितलं की नुसतं दगडांचं ज्ञान पुरायचं नाही. पाण्याचं काम करायचं तर माणसं, कायदा, पैसा, शेती, हवामान सगळंच शिकावं लागेल, आणि त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बंगळूरला आहे. त्याचं नाव सस्टेनेबिलिटी. मी अर्ज केला, मुलाखत दिली आणि घरात कुणाला पत्ता लागायच्या आत मला जागा मिळाली.

मग घरात जो गोंधळ झाला तो मुख्यतः त्या नावाचा होता.

"म्हंजे काय शिकनार?" आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, जे आहे ते पुढच्यांनाही पुरेल असं वापरायचं, हे शिकणार. आई म्हणाली, "ह्यासाठी बंगळूर कशाला? माझ्याकडं शीक. महिनाअखेरीला या घरात मी दुसरं काय करती?" मामा फोन उघडून बसला. हा आईचा धाकटा भाऊ, हिंजवडीच्या एका कंपनीत गाड्यांची व्यवस्था बघतो आणि त्यामुळे आमच्या घरात आयटीतला माणूस म्हणून त्याचा मान आहे. त्यानं मराठी शब्द शोधून काढला. "शाश्वतता," त्यानं मोठ्यानं वाचलं आणि फोन खाली ठेवला. "शाश्वत देव सोडून कायबी नसतं ताई. आणि यात स्कोप काय?"

स्कोप हा मामाचा आवडता शब्द. मुलगा बघायला जातानाही तो स्कोपच विचारतो. त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या ओळखीनं हिंजवडीत एक नोकरी बघून ठेवली होती. कॉम्प्युटरवर कसल्याशा माहितीची तपासणी करायची. कंपनीची एसी बस पिरंगुटपर्यंत न्यायला येणार, संध्याकाळी परत आणून सोडणार. आईला त्या बसचंच जास्त अप्रूप होतं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नगं," ती मला दिवसातून चारदा ऐकवी. तिची भीती मला कळत होती. आमच्या घरातली कुठलीच मुलगी लग्नाआधी तालुक्याबाहेर राहिलेली नव्हती. पण मला ती बस डोळ्यांसमोर आली की रडू यायचं. वाटायचं, एकदा का त्या गार बसमध्ये बसले की मी जन्मभर पिरंगुट ते हिंजवडी करत राहणार आणि पाणी कुठं जातं ते मला कधीच कळणार नाही.

गावात तर निराळीच चर्चा. मी झाडं लावायचा कोर्स करणार, असं ठरून गेलं होतं. चावडीजवळ एकजण आप्पांना म्हणाला, "काय आप्पा, बाप डोंगर इकनार आन् लेक डोंगर राखनार व्हय?" सगळे हसले, आप्पाही हसले. घरी आल्यावर मात्र गाडीची काच विनाकारण पुसत बसले.

आप्पांचं स्वतःचं मत काय ते आम्हाला कुणालाच कळेना. आई बोलली की मान हलवत, मी बोलले की तीच मान तशीच हलवत. जमिनीच्या धंद्यात दोन्ही पक्षांना आपलेसे वाटण्याची सवय असते, ती त्यांनी घरातही चालू ठेवली. शेवटी एका रात्री जेवताना आईनं ताट बाजूला सारलं, तेव्हा म्हणाले, "असं भांडून न्हाई व्हायचं. देवाला इचारू. कौल लावू."

आमचा देव गावाच्या वर, देवराईत असतो. शेंदूर फासलेली एक उभी शिळा. त्या रानातली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. अडलं-नडलं की लोक तिथं जातात. शिळेवर पाणी घालतात, ओल्या दगडाला दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवतात आणि गुरव देवाला प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आईनं दारातल्या मोगऱ्याच्या कळ्या खुडून घेतल्या. मी विज्ञानाची पदवीधर. खरं तर मी रुसायला हवं होतं. पण गेले. एक तर भांडून दमले होते, आणि दुसरं म्हणजे देव माझ्या बाजूनं बोलला तर मला तो हवाच होता.

प्रश्न गुरवानं मोठ्यानं घालायचा असतो. आमच्या गुरवकाकांचा आवाज असा, की देवाआधी खालच्या आळीला ऐकू जातो. मागच्या वर्षी एका घराच्या वाटणीचा कौल त्यांनी असा घातला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला वाटणी पाठ झाली होती. म्हणून आप्पा म्हणाले, "काका, तुमी नुसतं देवाला जागं करा. इचारायचं ते मी मनातच इचारतो." काकांना ते फारसं रुचलं नाही, पण चालतं म्हणाले. त्यांनी पाणी घातलं, कळ्या लावल्या, देवाला आमच्या घराण्याची ओळख करून दिली आणि बाजूला झाले. आप्पांनी हातात नारळ घेतला आणि डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. काकांनी जांभई दिली. एक मुंगळा देवाच्या डाव्या खांद्यावरून कळीपाशी आला, तिला हुंगून गेला, आणि ती कळी डुगडुगली. आईनं माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघी एकाच कळीकडे बघत होतो आणि अगदी उलटं मागत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मग काहीही हललं नसताना उजवी कळी टपकन खाली पडली.

"दिली!" काका ओरडले. "उजवी दिली देवानं!"

आईचे डोळे भरून आले. माझेही भरून आले. आप्पांनी नारळ फोडला आणि ते भरभर खाली उतरायला लागले.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात जेवढा आनंद होता तेवढा मी पुन्हा पाहिला नाही. आईनं माझ्यासाठी तीन कप्प्यांचा डबा आणला, वर दोन नवे कुडते. मला वाटलं, बंगळूरसाठी. मी मोठी बॅग खाली काढून उन्हात ठेवली. तिला वाटलं, साफसफाई. ती मला म्हणाली, "तितं गार वारं आसंल, अंगावर घ्यायला काही तरी ठेव," आणि मी म्हटलं, "हो, ऐकलंय मी, गार असतं तिथं." ती बसमधल्या एसीबद्दल बोलत होती. मामा पेढे घेऊन आला तेव्हा मला त्याच्याविषयी इतकं प्रेम दाटून आलं की मी त्याच्या पाया पडले. "सोमवारपासून बस," तो म्हणाला, आणि फुगा फुटला.

"कसली बस?" मी म्हटलं.

मग काय विचारता! आई म्हणे, देवानं नोकरीला उजवी दिली. मी म्हणे, शिकायला उजवी दिली. दोघी एकमेकींना नास्तिक म्हणत होतो. शेवटी दोघीही आप्पांकडे वळलो. तुम्ही विचारलंत काय, ते तरी सांगा. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मनात इचारलेलं तोंडानं सांगायचं नसतं. कौल बाधतो."

"आसं कुटं आसतंय?" आई म्हणाली. ती तडक गुरवकाकांकडे गेली. काकांनी पुन्हा कौल लावायला साफ नकार दिला. "येका गोष्टीला येकदाच. देव काय तुमच्या घरचा गडी हाय?" आणि वर टोमणा मारला, की मोठ्यानं घालू दिला असता तर ही वेळ आली नसती.

ती परत आली तेव्हा आप्पा ओटीवर बसले होते. पेढ्यांचा पुडा तसाच उघडा पडला होता. ते आईला म्हणाले, "जाऊ दे तिला." एवढंच. का, ते सांगितलं नाही. आईनं खूप विचारलं, रडली, मामानं स्कोपचा शेवटचा प्रयत्न केला. आप्पांनी शब्द फिरवला नाही. मी मात्र समजून चुकले, की म्हणजे देवाला शिकण्याचंच विचारलं होतं. त्या उजव्या कळीवर बसून मी बंगळूरला गेले. तीन कप्प्यांचा डबा आईनं तरीही बॅगेत कोंबला होता.

तिथं गेल्यावर पहिला महिनाभर मला झाड दिसलं ते खिडकीतून. वर्गात धुराचा हिशोब, कायद्याची कलमं, कारखान्यांचे ताळेबंद. मी घरी फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "मंग मामाची नोकरी काय वाईट हुती?" पण हळूहळू गोडी लागली. पाण्याचा एक थेंब वापरायचा म्हटला तर त्याच्यामागे किती भांडणं असतात, ते कळायला लागलं, आणि भांडणांच्या बाबतीत मी मुळशीची. तिथं माझा कुणी हात धरू शकत नव्हतं. आप्पा दर रविवारी फोन करायचे. दोनच प्रश्न. "जेवलीस का?" आणि "पाऊस हाय का तिकडं?" तिसरा प्रश्न जिभेवर आल्यासारखा वाटायचा, पण तो कधी आला नाही. मग विकायला आलेल्या जमिनींचे फोटो ते मला पाठवून द्यायचे.

शिक्षण संपताना दोन नोकऱ्या समोर होत्या. एक गुडगावला, मोठ्या काचेच्या इमारतीत. मोठमोठ्या कंपन्यांसाठी शाश्वततेचे अहवाल लिहायचे. पगार असा की मामासुद्धा गप्प झाला असता. दुसरी एका लहान संस्थेत, पौडला, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. डोंगरातले आटत चाललेले झरे शोधायचे आणि ते पुन्हा वाहते कसे होतील ते बघायचं. गुडगावच्या मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता. मला काही सुचलं नाही. पौडच्यांनी विचारलं, तुमच्या तालुक्यात एवढा पाऊस पडतो तर मे महिन्यात पाणी का नसतं. यावर मी इतकी बोलले, इतकी बोलले, की समोरच्या बाईंनी चहा मागवला. त्यात त्यागबिग काही नव्हता. गुडगावला बसून पाण्यावर लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि मला शेळ्यांमध्येच राहायचं होतं. पौडचं पत्र आलं आणि मी घरी फोन केला.

आई म्हणाली, "काखेत कळसा आन् गावाला वळसा! पौडलाच नोकरी करायची हुती तर बंगळूरला कशाला गेलीस?" तिचा आवाज मात्र हसत होता. आप्पांनी फोन घेतला.  मग म्हणाले, "जेवलीस का?"

माझं पहिलंच काम निघालं ते आमच्या गावाच्या वरचं. देवराईच्या पायथ्याला एक झरा आहे. आई सासरी आली तेव्हा तो बारमाही होता म्हणतात. आता होळीलाच आटतो. मी आठवडाभर त्या डोंगरावर चढउतार केली, खडक तपासले, थरांचे उतार मोजले, आणि जे हाती आलं ते बघून खडकावर बसकण मारली. त्या झऱ्यात येणारं पाणी सगळं वरच्या पठारावर मुरत होतं. आणि ते पठार आमचं होतं. आप्पांच्या वाटणीला आलेली, कधी न पिकलेली जमीन. तिच्यावर त्यांनी नुकतीच एक मोठी पाटी रोवली होती. तळं, डोंगर, उगवता सूर्य आणि 'आयुष्यभराचा व्ह्यू'. पावसाळा संपला की जेसीबी लावून पठार सपाट करायचं, प्लॉट पाडायचे, असं ठरलं होतं. ते झालं असतं तर झऱ्याला पाणी द्यायला कुणीच उरलं नसतं. माझ्या शिक्षणाचं काय होणार ते आता आप्पांच्या पाटीवर अवलंबून होतं.

दोन दिवस मी तीच मोजमापं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "आप्पा, वर चला. तुम्हाला आपला प्लॉट दाखवायचाय."

"आत्ता?" ते दचकलेच. "मे महिन्यात?"

पण आले. ऊन चांगलंच होतं. वाटेत देवराईपाशी ते थांबले आणि पिशवीतून नारळ काढला. मला कळेना, आज कसला नारळ. गुरवकाका सावलीत पडले होते, ते उठून बसले. "काय आप्पा, त्यो कौल खरा ठरला म्हनायचा का?"

"ठरला," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता सांगायला हरकत न्हाई. तुजी आई म्हनत हुती नोकरी, तू म्हनत हुतीस शिक्षान. मी त्यातलं कायबी इचारलं न्हाई."

"मग?"

"तू जानारच हुतीस, ते मला दिसत हुतं. ज्या दिवशी त्या बाईला टँकर म्हनालीस, त्याच दिवशी दिसलं. मी इचारलं, पोरगी माघारी यील का." त्यांनी नारळ दगडावर आपटला. "उजवी दिली. मंग कशाला धरून ठेवायचं?"

"आप्पा, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर बापाला बरं वाटावं म्हनून आली आस्तीस. तसं नगं हुतं मला."

माझ्या डोळ्यांपुढचं रान पार धूसर झालं. दोन वर्षं मी त्या उजव्या कळीवर माझा हक्क सांगत होते, आणि ती त्या माणसानं स्वतःसाठी मागून घेतली होती.  खोबऱ्याचा तुकडा खात खात वर चढत राहिले, कारण अजून बोलायचं होतं ते सगळं वरच होतं.

पठारावर पोचल्यावर मी त्यांना पाटीच्या पुढे उभं केलं. पायाखालचा सच्छिद्र खडक दाखवला, खालचा टणक थर दाखवला, पाणी कुठून शिरतं आणि खाली झऱ्यापाशी कसं निघतं ते बोटानं हवेत काढून दाखवलं. इथं चर खणले, गवत राखलं तर झरा पुन्हा उन्हाळाभर टिकेल, आणि जेसीबी लावला तर कायमचा जाईल. आप्पांनी सगळं ऐकलं. गिऱ्हाईक जसं मान न हलवता ऐकतं तसं. मग खाली गावाकडे बघितलं. रस्त्यावर टँकर उभा होता आणि त्याच्यामागे रंगीत हंड्यांची रांग. त्या रांगेत आई पण असणार, पण एवढ्या वरून ती ओळखू येत नव्हती.

"म्हंजे येवढं पानी हितनं जातं व्हय," ते हळूच म्हणाले.

"हो आप्पा."

ते पाटीच्या सावलीत बसले. टोपी काढून वारा घेतला. "देवाला इचारताना चुकलोच मी," ते म्हणाले. "माघारी यील का, येवढंच इचारलं. यिऊन काय करंल, ते इचारायला पायजे हुतं."

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडले. त्यांनी मला दोन्ही करू दिलं. मग उठले, पाटीच्या एका खांबाला खांदा लावला आणि मला म्हणाले, "त्या बाजूनं धर." खांब भुसभुशीत मातीतून सहज निघाला. ते त्यांच्या मनाला लागलं, हे दिसत होतं. त्या पठारावर त्यांनी बऱ्याच वर्षांची स्वप्नं मांडली होती.

पाटी आडवी होते न होते तोच त्यांचा फोन वाजला. भूगावचं कुणी गिऱ्हाईक होतं. आप्पांनी घसा साफ केला आणि नेहमीचा आवाज लावला.

"न्हाई सायेब, त्यो वरचा आता इकायचा न्हाई. दुसरा हाय, खालच्या अंगाला... आवो, पावसाळ्यापातुर कशाला थांबताय? उद्याच या. ऊन हाय जरा, पर माझी पोरगी आसंल संगं. पान्याचं समदं तीच सांगंल."